अकरा वाजायच्या आत

११ सप्टेंबर १९७३. मंगळवार. पंचांगात त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. नाशिकमध्ये गणपती गोदाघाटाकडे निघायची वेळ आली, तेव्हा चिलीची राजधानी सांतियागो अजून अंधारात होती. त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. त्या दिवसाचा हिशेब मी गेली अनेक वर्षे या दोन्ही घड्याळांवर मांडत आलो आहे. एका निवडून आलेल्या समाजवादी सरकारचा अंत असा तासातासाने पाहणे हे नाशिकच्या माणसाचे काम का, असे कुणी विचारले तर मी त्याला नाशिकरोडच्या कारागृहाकडे घेऊन जाईन.

सविनय कायदेभंगाच्या चळवळीत, १९३२-३३ मध्ये, त्या भिंतींआड जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे ही तरुण मंडळी एकत्र आली. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना तिथे आकाराला आली. पुढे मार्च १९४८ मध्ये याच नाशिकच्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेस सोडायचे ठरवले. गांधीजींच्या हत्येला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते आणि जयप्रकाशांच्या मनात साधनशुद्धीचा विचार पक्का होत होता. समाजवाद आणायचा, पण मतपेटीतून आणायचा. हा निर्णय आपल्या गावातून गेलेला आहे. त्याची सर्वांत कठोर परीक्षा चिलीत झाली, म्हणून ते घड्याळ आपलेही आहे.

रविवार, ९ सप्टेंबर, दुपार

तोमास मोरो रस्त्यावरच्या आपल्या निवासस्थानी राष्ट्राध्यक्ष साल्व्हादोर आयेंदे यांनी सेनाप्रमुख ऑगस्तो पिनोशे यांना बोलावून घेतले आणि आपला बेत सांगितला. देशाची कोंडी फोडण्यासाठी सार्वमत घ्यायचे. लोकांनी विरोधात कौल दिला तर बाजूला व्हायचे.

हा क्षण मी पुन्हा पुन्हा तपासतो. पिनोशे यांची सेनाप्रमुखपदी नेमणूक होऊन अवघे सतरा दिवस झाले होते. आधीचे सेनाप्रमुख कार्लोस प्रात्स यांच्या घरासमोर सेनाधिकाऱ्यांच्या बायकांनी निदर्शने केली, सहकारी जनरलांनी पाठिंबा दिला नाही आणि प्रात्स यांनी राजीनामा दिला. जाताना त्यांनीच पिनोशे यांचे नाव सुचवले होते. संविधान मानणारा सैनिक, अशी तेव्हा पिनोशे यांची ओळख होती.

त्याच सकाळी आयेंदे यांच्याच समाजवादी पक्षाचे सरचिटणीस कार्लोस आल्तामिरानो यांनी एस्तादियो चिले या बंदिस्त स्टेडियममध्ये जहाल भाषण केले. उठावाच्या तयारीला विरोध करणाऱ्या खलाशांना आपण भेटलो होतो, असे त्यांनी उघड सांगितले. नौदलाच्या अधिकाऱ्यांना आयते कारण मिळाले. सत्ताधारी आघाडीतले कम्युनिस्ट सार्वमताच्या बाजूने होते. आयेंदे यांचा स्वतःचा पक्ष मात्र तयार नव्हता.

रविवार, संध्याकाळ

पिनोशे यांच्या घरी धाकट्या मुलीचा वाढदिवस होता. हवाई दलाचे प्रमुख गुस्तावो ली आले. मागोमाग नौदलाचे दोन अधिकारी व्हाल्परायसो बंदरातून अॅडमिरल मेरिनो यांची चिठ्ठी घेऊन आले. दिवस अकरा, वेळ सहा. पिनोशे यांनी सही केली, शिक्का मारला.

दुपारी सार्वमताचा बेत ऐकलेल्या माणसाने संध्याकाळी उठावाच्या चिठ्ठीवर सही केली. सरकार हटवण्याचा कायदेशीर मार्ग उरला नव्हता म्हणून लष्कराला यावे लागले, असे समर्थन पुढे वर्षानुवर्षे दिले गेले. या दोन भेटी शेजारी ठेवल्या की ते समर्थन उभे राहत नाही. मार्ग उघडत होता आणि तो उघडायच्या आत पोहोचायचे होते.

सोमवार, १० सप्टेंबर, संध्याकाळ

अमेरिकन नौदलाबरोबरच्या वार्षिक संयुक्त सरावासाठी चिलीचे आरमार व्हाल्परायसोहून समुद्रात गेले. रात्री ते परत फिरणार होते.

जहाजे परतेपर्यंत मागे वळून पाहायला हवे. नाहीतर हा सगळा प्रकार चार सेनापतींच्या दगाबाजीपुरता उरेल, आणि तो तेवढा नव्हता.

४ सप्टेंबर १९७० च्या निवडणुकीत आयेंदे यांना ३६.६ टक्के मते मिळाली. उजव्या आलेस्सान्द्री यांना सुमारे ३५ आणि ख्रिस्ती लोकशाहीवादी तोमिच यांना जवळपास २८. कुणालाच निम्मी मते नाहीत, म्हणून निवड काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे गेली. ती होण्याआधी, २२ ऑक्टोबरला, संविधानाशी एकनिष्ठ असलेले सेनाप्रमुख रेने श्नायडर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि तीन दिवसांनी ते वारले. सरकार स्थापन होण्याआधीच पहिला बळी गेला होता. वॉशिंग्टनमध्ये निक्सन यांनी सीआयएला आयेंदे यांना रोखायचे आदेश सप्टेंबरातच दिले होते.

३ नोव्हेंबरला आयेंदे यांनी सूत्रे घेतली. ते मूळचे डॉक्टर, कुपोषण आणि बालमृत्यू जवळून पाहिलेले. प्रत्येक मुलाला रोज अर्धा लिटर दूध ही त्यांच्या सरकारची पहिली ओळख ठरली. ११ जुलै १९७१ रोजी तांब्याच्या मोठ्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. तो ठराव काँग्रेसमध्ये एकमताने मंजूर झाला, विरोधकांचीही मते त्याला होती. खरी ठिणगी पुढे पडली. १९५५ पासून बारा टक्क्यांहून अधिक मिळवलेला नफा भरपाईतून वजा करायचा, असा हिशेब सरकारने लावला, तेव्हा अॅनाकोंडा आणि केनेकॉट या अमेरिकी कंपन्यांच्या मोठ्या खाणींच्या वाट्याला काहीच उरले नाही. वॉशिंग्टनने कर्जाचे नळ बंद केले.

जमिनीचेही तसेच. कायदा आयेंदे यांचा नव्हताच, आधीच्या फ्रेई सरकारने १९६७ मध्ये तो केला होता. बागायती जमिनीच्या मापाने ८० हेक्टर ही त्याची मर्यादा. आयेंदे यांनी तो झपाट्याने राबवला. आपल्याकडे १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा कागदावर कसा चालला आणि बांधावर कसा थांबला, हे नाशिक जिल्ह्याने पाहिले आहे. दादासाहेब गायकवाडांना १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा करावा लागला आणि २०१८ च्या मार्चमध्ये आदिवासी शेतकरी वनजमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले. चिलीत सरकारने कायदा मनावर घेतला. एवढ्याने जमीनदार रस्त्यावर उतरले.

चुका झाल्या, मोठ्या झाल्या. १९७१ मध्ये पगार वाढले, भाव बांधून ठेवले, दुकाने वाहू लागली, लोक खूश होते. त्या वर्षातला माल संपल्यावर नोटा छापल्या गेल्या. नोटांचा छापखाना दाराशी असलेल्या नाशिकरोडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. छापलेल्या कागदामागे माल नसेल तर कागद नुसता हलका होत जातो. १९७३ च्या मध्यापर्यंत महागाई वर्षाला तीनशे टक्क्यांच्या घरात गेली. डिसेंबर १९७१ मध्ये सांतियागोत बायकांनी रिकामी भांडी वाजवत मोर्चा काढला होता. त्यांतल्या बहुतेक सुखवस्तू वस्त्यांमधल्या होत्या. दीड-दोन वर्षांनी रांगा सगळ्यांच्याच दारात आल्या. त्याच सुमाराला मुंबईत मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर लाटणी घेतलेल्या बायकांचे मोर्चे नेत होत्या. इथे समाजवादी आणि कम्युनिस्ट बायका सरकारला जाब विचारत होत्या, तिथे समाजवादी सरकारलाच जाब द्यावा लागत होता. भाकरीचा प्रश्न सत्तेत आलेल्या समाजवाद्याला सूट देत नाही.

आणि ट्रक. चिली म्हणजे चार हजार किलोमीटरहून लांब, अरुंद पट्टी. ट्रक थांबले की देश थांबतो. ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांनी संप केला, त्यांच्यामागून दुकानदार, डॉक्टर, वकील गेले. लासलगावला दोन दिवस गाड्या लागल्या नाहीत तर कांद्याचे आणि शेतकऱ्याचे काय होते, ते डोळ्यांपुढे आणा आणि ते देशभर पसरवा. कामगारांनी कारखाने सुरू ठेवले, वस्त्यांनी वाटपाची जबाबदारी घेतली, टेलेक्सच्या जाळ्यावरून उरलेले ट्रक कुठे पाठवायचे हे ठरू लागले. सरकार तगले, पण सेनापतींना मंत्रिमंडळात घेऊन तगले. आयेंदे यांची सगळ्यांत घातक तडजोड मला हीच वाटते. लष्कर एकदा राजकारणाचा पंच झाले की ते पुन्हा बराकीत जात नाही.

मार्च १९७३ च्या काँग्रेस निवडणुकीत विरोधकांना दोनतृतीयांश जागा हव्या होत्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षाला कायद्याने काढता आले असते. एवढ्या टंचाईत, एवढ्या महागाईत आयेंदे यांच्या आघाडीला ४४ टक्क्यांच्या आसपास मते पडली. १९७० पेक्षा जास्त. त्या निकालानंतर विरोधकांतल्या अनेकांनी मतपेटीकडे पाहणे सोडले. २९ जूनला सांतियागोत रणगाडे बाहेर आले. प्रात्स यांनी स्वतः रस्त्यावर उतरून तो उठाव मोडला. जुलैअखेर ट्रकमालकांचा दुसरा संप सुरू झाला. २२ ऑगस्टला कनिष्ठ सभागृहाने ८१ विरुद्ध ४७ मतांनी सरकारवर संविधानभंगाचा ठपका ठेवला. दुसऱ्याच दिवशी प्रात्स गेले.

बाहेरच्या पैशाचा हिशेब पुढे अमेरिकेतूनच आला. १९७० ची निवडणूक ते उठाव या तीन वर्षांत चिलीतील गुप्त कारवायांवर ८० लाख डॉलर खर्च झाले, असे अमेरिकन सिनेटच्या चर्च समितीने १९७५ मध्ये नोंदवले. त्यातला काही वाटा एल मेर्कुरियो या बड्या वृत्तपत्राला गेला. पण सगळे वॉशिंग्टनने केले म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पैसा पेरायला जमीन लागते आणि भयाची, तुटवड्याची, सूडाची जमीन चिलीतच तयार झाली होती.

सोमवार, रात्र

तोमास मोरोमध्ये जेवणानंतर आयेंदे, संरक्षणमंत्री ओर्लान्दो लेतेलिएर, सल्लागार होआन गार्सेस, पत्रकार मित्र आउगुस्तो ऑलिव्हारेस आणि आणखी काहीजण उद्याच्या घोषणेवर बोलत बसले. मंगळवारी अकराच्या सुमाराला तांत्रिक विद्यापीठात राष्ट्राध्यक्ष जाणार होते. यादवी आणि फॅसिझम यांच्या विरोधातल्या प्रदर्शनाचे उद्घाटन होते, गायक व्हिक्तोर हारा गाणार होते. सार्वमत तिथेच जाहीर व्हायचे होते.

मध्येच बातमी आली की सान फेलिपे आणि लोस आन्देस इथून सैन्य राजधानीकडे निघाले आहे. सेनेकडे विचारणा झाली, तेव्हा काळजीचे कारण नाही असे सांगितले गेले. मंडळी मध्यरात्र उलटल्यावर उठली.

मंगळवार, सकाळी ६.००

जहाजे व्हाल्परायसोत परतली होती. नौदलाने बंदर आणि शहर ताब्यात घेतले, फोन तोडले. नाशिकमध्ये दुपारचे साडेतीन.

६.२० च्या सुमारास

आयेंदे यांना फोन आला. ते पिनोशे यांचा शोध घेऊ लागले. फोन उचलला जात नव्हता. पिनोशे यांना बंडखोरांनी पकडले असावे, अशी काळजी त्यांनी बोलून दाखवली, असे सोबतच्या लोकांनी नंतर सांगितले.

७.३०

राष्ट्राध्यक्षांच्या मोटारी ला मोनेदा या प्रासादात पोहोचल्या. त्याच सुमाराला लेतेलिएर समोरच्या संरक्षण मंत्रालयात शिरले आणि स्वतःच्या कचेरीच्या दारात पकडले गेले. त्या दिवसाचे ते पहिले मोठे कैदी. तीन वर्षांनी, २१ सप्टेंबर १९७६ ला, वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या मोटारीखाली बाँब फुटला. प्रात्स यांना त्याआधीच, ३० सप्टेंबर १९७४ ला, ब्वेनोस आयरेसमध्ये तसेच मारले होते.

७.५५

रेडिओवरून आयेंदे पहिल्यांदा बोलले. व्हाल्परायसोत नौदलाच्या एका भागाने बंड केले आहे, कामगारांनी आपापल्या जागी सावध राहावे, सांतियागोत सैन्य शांत आहे, असा आशय. त्यांना तसे खरेच वाटत होते. नाशिकमध्ये साडेपाचला पाच मिनिटे कमी होती.

८.४० च्या सुमारास

रेडिओ आग्रिकुल्तुरावरून चौघांचे निवेदन वाचले गेले. मेरिनो, ली, मेन्दोसा आणि पिनोशे. राष्ट्राध्यक्षांनी तत्काळ पद सोडावे.

पिनोशे हे नाव ऐकल्यावर त्या दालनात काय झाले असेल, याची कल्पना करायचे मी टाळतो. मेन्दोसा हे पोलीस दलाचे प्रमुखही नव्हते. खरे प्रमुख सेपुल्वेदा त्या क्षणी मोनेदात आयेंदे यांच्या शेजारी उभे होते, पण त्यांचा हुकूम आता कुणी मानत नव्हते. प्रासादाचे रक्षण करणारी पोलीस दलाची चिलखती वाहने थोड्याच वेळात निघून गेली.

९.१०

सरकारच्या बाजूची रेडिओ केंद्रे एकामागून एक गप्प झाली होती. रेडिओ मागायानेस तेवढे उरले. आयेंदे टेलिफोनवरून बोलले, सहा-सात मिनिटे, हातात कागद नसताना. कामगारांचे, शेतकरी बायकांचे, तरुणांचे आभार मानले. आपण राजीनामा देणार नाही, लोकांच्या निष्ठेची किंमत प्राणाने देऊ, असे सांगितले. आणि लोकांना हेही सांगितले की स्वतःला वाचवा, चिरडले जाऊ नका. त्यांनी कुणालाही रस्त्यावर येऊन मरायला बोलावले नाही. मला त्या भाषणातला सर्वांत मोठा भाग हा वाटतो. साधनशुद्धी म्हणतात ती अशा वेळी कळते.

नाशिकमध्ये सहा चाळीस झाले होते. सूर्य मावळत होता.

९.३० ते ११.००

तिन्ही दलांच्या एडीसींनी शरण जायचा सल्ला दिला. देशाबाहेर जायला विमान देऊ केले गेले. आयेंदे यांनी नकार दिला. बंडखोर सेनापतींचे आपसातले रेडिओ-संभाषण कुणीतरी टेपवर घेतले आणि पुढे ते प्रसिद्ध झाले. विमान द्यायचे, पण ते हवेतच कोसळेल, असे पिनोशे त्यात म्हणताना ऐकू येतात.

अकराच्या सुमारास बायकांना बाहेर काढले. आयेंदे यांच्या मुली बेआत्रिस आणि इसाबेल जायला तयार नव्हत्या. बेआत्रिस गरोदर होत्या. बापाने दोघींना जायला लावले.

विद्यापीठात हीच वेळ घोषणेची होती.

११.५२

हॉकर हंटर विमाने आली. ही विमाने नाशिकच्या लोकांना परकी नाहीत, आपल्या हवाई दलाने ती १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत वापरली. परक्या देशाविरुद्ध घेतलेले ते शस्त्र चिलीत स्वतःच्या राजधानीतल्या, स्वतःच्या राष्ट्राध्यक्षाच्या इमारतीवर रोखले गेले. रॉकेटे उत्तरेच्या बाजूने आत घुसली. आग लागली. तोमास मोरोवरही हल्ला झाला, तिथे आयेंदे यांच्या पत्नी ओर्तेन्सिया बुस्सी होत्या. त्या वाचल्या.

नाशिकमध्ये रात्रीचे नऊ बावीस.

१.३० नंतर

सैनिक आत शिरले होते. ऑलिव्हारेस यांनी त्याआधीच स्वतःला संपवले होते. आयेंदे यांनी सोबत्यांना रांगेने खाली जाऊन शरण जायला सांगितले, मी शेवटी येतो म्हणाले आणि मागे वळले. दोनच्या सुमारास, स्वातंत्र्य दालनात, त्यांनी रायफल हनुवटीखाली धरली. सैनिकांनी मारले की स्वतः गेले, यावर अनेक दशके वाद चालला. २०११ मध्ये पार्थिव उकरून तपासले गेले आणि आत्महत्येचा निष्कर्ष कायम झाला. ते ६५ वर्षांचे होते.

मुदतीनुसार त्यांच्याकडे अजून तीन वर्षे होती. आणि सार्वमत झाले असते तर कदाचित काही आठवडेच. हरण्याची तयारी ठेवून ते लोकांसमोर जाणार होते. त्यांना हरवण्याची संधीही लोकांकडून काढून घेतली गेली.

दुपारी ३.००

संचारबंदी लागली. नाशिकमध्ये साडेबारा वाजून तारीख बदलली होती. चिलीत अजून अकराच होती आणि ती सरायला बरेच तास उरले होते.

तांत्रिक विद्यापीठात सकाळपासून आलेले शेकडो विद्यार्थी आणि शिक्षक राष्ट्राध्यक्षांची वाट पाहत तिथेच अडकले. रात्रभर गोळीबार ऐकू येत होता. व्हिक्तोर हारा त्यांच्यात होते. दुसऱ्या सकाळी सैन्याने तोफा लावून इमारतीत प्रवेश केला आणि सर्वांना पकडून एस्तादियो चिलेत नेले, आल्तामिरानो रविवारी जिथे बोलले होते त्याच जागी. हारा यांना तिथे ओळखले गेले. काही दिवसांनी त्यांचे गोळ्यांनी चाळणी झालेले प्रेत सापडले. पुढच्या सतरा वर्षांत मारले गेलेले आणि नाहीसे झालेले लोक सरकारी आयोगांच्या नोंदींत तीन हजारांहून अधिक आहेत.

सार्वमत अखेर झाले, पिनोशे यांनाच ते घ्यावे लागले. ५ ऑक्टोबर १९८८. त्यांना आणखी आठ वर्षे द्यावीत का, एवढाच प्रश्न मतपत्रिकेवर होता. जवळपास ५६ टक्के लोकांनी 'नाही' वर खूण केली.